भांडण ऐकून घेणारं पुस्तक

लहान मुलांना दुसऱ्याचं मन कळावं, भांडण हातघाईवर न जाता मिटवता यावं, म्हणून त्यांच्या हाती चित्रांची पुस्तकं द्यावीत, असं आज सगळेच म्हणतात. प्रशिक्षणवर्गात हे सांगितलं जातं, पालकसभेत सांगितलं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पायाभूत स्तरासाठी जो अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यातही गोष्टींना आणि चित्रांच्या पुस्तकांना मानाचं स्थान आहे. पुस्तकं द्यावीत, भरपूर द्यावीत, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो पुस्तकानं नेमकं काय होतं या समजुतीशी. चांगल्या वागणुकीची गोष्ट वाचून दाखवली, शेवटी तिचा बोध सांगितला, की मूल तो बोध घेतं आणि तसं वागू लागतं, ही ती समजूत. ती चुकीची आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यासारख्या ठिकाणी तर ती मुलांना गप्प करते.

आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की गुडिहत्नूर मागे टाकल्यावर महामार्गावरच इचोडा लागतं. मंडलाचं ठिकाण, भोवती कापूस आणि सोयाबीन, त्यापलीकडे गोंडांचे गुडे, कोलामांच्या वस्त्या, लंबाड्यांचे तांडे. बाजारात उभं राहिलं तर तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची बोली कानावर येते. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखात आले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा कागदावर हलली, घरातली भाषा हलली नाही. त्यामुळे इथल्या अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं एकाच सतरंजीवर बसतात, आणि पुस्तक बहुधा तेलुगूत असतं. दुसऱ्याचं मन कळण्याचा प्रश्न इथे सकाळी वर्ग भरल्याबरोबर सुरू होतो.

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची शिस्त अशी, की पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा नाही. म्हणून आधी त्या बाजूचं म्हणणं पुऱ्या ताकदीनिशी सांगतो. लहान मूल अनुकरणानं शिकतं. त्याच्यासमोर चांगला नमुना ठेवला तर ते तो उचलतं. गोष्टीत कृतीचा परिणाम लगेच दिसतो, आयुष्यात तो उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. सशा-कासवाची, माकडाची गोष्ट सांगितली की कुणा एका मुलाकडे बोट जात नाही, कुणाचा अपमान होत नाही. आणि बोध उघड सांगितला नाही तर मूल भलताच अर्थ घेईल, किंवा काहीच घेणार नाही. शिवाय परंपरा आहेच. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापाच्या गोष्टी आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणलं, तेव्हापासून दोनशे वर्षं मराठी मुलं गोष्ट आणि तिचं तात्पर्य जोडीनं वाचत आली आहेत. ‘श्यामची आई’ १९३३ साली लिहिली गेली आणि तिनं किती घरांतल्या मुलांना हळवं केलं, हे कुणाला सांगायला नको. एवढा पुरावा असताना बोधावर आक्षेप कशाला?

हा पक्ष भक्कम दिसतो. पण त्याचा पाया एका गृहीतावर उभा आहे: मोठ्याला गोष्टीत जो बोध दिसतो तोच मुलाला दिसतो. हे गृहीत तपासून पाहिलं गेलं आहे आणि ते टिकलेलं नाही. डार्सिया नार्व्हाएझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या तिसरीच्या, पाचवीच्या मुलांना आणि मोठ्यांना बोधकथा वाचायला देऊन गोष्टीचा गाभा ओळखायला सांगितलं. मोठ्यांना तो सहज सापडला, तिसरीतल्या बहुतेकांना सापडला नाही. तिसरीची मुलं आठ-नऊ वर्षांची असतात. आपण बोलतो आहोत तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल. २००८ मध्ये मेअर्स आणि अकोस्टा या दोघींनी बालवाडीतल्या मुलांना एक कार्टून दाखवलं. त्यात तीन पायांच्या कुत्र्याला बाकीचे कुत्रे आधी टाळतात, मग आपलंसं करतात. अपंग माणसाला दूर लोटू नये, हा करणाऱ्यांचा हेतू. मुलांना काय कळलं ते विचारलं, तर बहुतेकांनी ती गोष्ट कुत्र्यांपुरतीच घेतली. माणसांपर्यंत ती पोचलीच नाही.

प्राण्यांच्या गोष्टींनी कुणाला लागत नाही, हे म्हणणं इथेच उलटतं. त्या लागत नाहीत हेच त्यांचं वैगुण्य. टोरांटोमध्ये निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेआ यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना स्टिकर दिले आणि ज्याला मिळणार नाहीत अशा एका अनोळखी मुलासाठी हवे तर त्यातले काही काढून ठेवा, असं सांगितलं. मग काहींना आपल्याजवळचं दुसऱ्याला देण्याची गोष्ट वाचून दाखवली. गोष्ट तीच, शब्द तेच. एका पुस्तकात पात्रं कपडे घातलेल्या प्राण्यांची, दुसऱ्यात माणसांची. तिसऱ्या गटाला बियांबद्दलचं पुस्तक. पुन्हा स्टिकर दिले. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेली मुलं आणि बियांचं पुस्तक ऐकलेली मुलं यांच्यात फरक पडला नाही. दोन्ही गटांनी आधीपेक्षा कमीच दिले. हा प्रयोग पूर्वपक्षाला अर्धा दुजोरा देतो, हे मी मान्य करतो. माणसांच्या गोष्टीनं काही मिनिटांपुरतं का होईना, मूल उदार झालं. पण आपल्या अंगणवाड्यांत आणि दुकानांत समजूतदारपणाच्या नावाखाली जी पुस्तकं येतात त्यात ससे, हत्ती आणि अस्वलं किती आणि घागर घेऊन उभी असलेली खरीखुरी पोरं किती, हे ज्यानं त्यानं पाहून घ्यावं.

प्राणिकथेला आपल्याकडे पंचतंत्राचा आधार दिला जातो. तो आधार चुकीचा आहे. विष्णुशर्म्यानं त्या गोष्टी राजपुत्रांना नीती शिकवण्यासाठी रचल्या अशी ग्रंथाचीच प्रस्तावना आहे, आणि ती नीती म्हणजे राज्य राखण्याचं शहाणपण: कुणावर विश्वास ठेवावा, मैत्री कशी तोडावी, शत्रूच्या गोटात कसं शिरावं. पहिल्या तंत्राचं नावच मित्रभेद. दुसऱ्याच्या दुःखात शिरायला शिकवणं हे त्या ग्रंथाचं कामच नव्हतं. त्यातली मुंगसाची गोष्ट मात्र मुलाच्या काळजाला हात घालते: बाळाला सापापासून वाचवणारं मुंगूस, त्याच्या तोंडाचं रक्त पाहून त्याला मारणारी आई. ती गोष्ट लक्षात राहते ती तिच्याखालच्या उतावळेपणाच्या बोधामुळे नव्हे. त्यात काहीच पुन्हा नीट होत नाही, म्हणून ती राहते. मूल विचारतं, मग तिनं काय केलं? या प्रश्नाला बोधात उत्तर नाही.

‘श्यामची आई’चंही तसंच. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम, त्याला शोधून मारणारी आई, तिच्या मनातली कालवाकालव, हे सगळं साने गुरुजी पूर्ण सांगतात. श्यामची भीती खरी आहे आणि आईचा रागही खरा आहे. दोघांनाही पूर्ण जागा मिळाली म्हणून वाचणारा हळवा होतो. पुस्तकातून नुसते उपदेश काढून त्यांची चोपडी छापली असती तर ती घराघरांत गेली नसती. म्हणजे पूर्वपक्षाचा सगळ्यात मोठा साक्षीदार खरं तर माझ्या बाजूनं साक्ष देतो.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजूतदारपणा शिकवणाऱ्या पुस्तकांतली भांडणं खरी नसतात. दोघांपैकी एक ठरवून चुकलेला असतो; आपमतलबी असतो, हिसकावून घेतो, एकटा पडतो, रडतो, माफी मागतो, आणि शेवटच्या पानावर सगळे हातात हात घालून हसतात. खऱ्या भांडणात बहुतेकदा दोघांचंही काही ना काही बरोबर असतं. एकानं चेंडू आधी घेतला होता, दुसऱ्यानं तो घरून आणला होता. एकीचा धक्का चुकून लागला, दुसरीला मात्र खरंच लागलं. अशा वेळी ‘सॉरी म्हण आणि मिळून खेळा’ हा निकाल कुणाच्या पदरात पडतो? जो गप्प बसायला आधीच शिकलेला असतो त्याच्या. पहिलीत शाळेची भाषा न येणारं गोंड किंवा कोलाम मूल आपली बाजू सांगूच शकत नाही. ते ओरबाडतं, किंवा मुकाट्यानं सोडून देतं. त्याला वाटून घ्यायला शिकवणं म्हणजे त्यानं सोडून दिलेल्यावर शिक्का मारणं. अन्याय झालेल्यालाच क्षमा शिकवणारं पुस्तक मला निर्मळ वाटत नाही, त्यातली चित्रं कितीही गोड असोत.

आदिलाबादमध्ये हे सांगणं अधिकच गरजेचं आहे. २०१७ च्या अखेरीस या जिल्ह्यात गोंड-कोलाम आदिवासी आणि लंबाडा यांच्यात अनुसूचित जमातींच्या यादीवरून उघड संघर्ष झाला. लंबाड्यांना इथे १९७६ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे; पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त-भटक्यांत मोजला जातो. नोकऱ्या आणि जमिनी आपल्या हातून गेल्या, असं आदिवासींचं म्हणणं होतं. कायद्यानं मिळालेला दर्जा काढता येणार नाही, असं लंबाड्यांचं. उटनूरला जमावबंदी लागली. आदिवासी गावांतल्या शाळांवर लंबाडा शिक्षक नकोत, ही मागणीही झाली. त्या दिवसांत शाळेत जाणाऱ्या मुलानं वर्गात दोन सशांनी गाजर वाटून घेतल्याची गोष्ट ऐकली असेल, तर तिचा आणि घरी चुलीपुढे जे ऐकलं त्याचा मेळ त्यानं कसा घालायचा? त्याला कळलं असेल ते एवढंच, की खऱ्या भांडणाबद्दल शाळेत बोलायचं नसतं.

याच मुलखात भांडण ऐकून घेण्याची रीत जुनी आहे. गोंडांच्या गावात पटेल आणि पंच असतात, त्यांच्यावर राय सेंटर नावाची अनेक गावांची पंचायत, तिचा प्रमुख सरमेडी. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत दरबार भरतो. लोक उठून गाऱ्हाणं मांडतात, अधिकारी समोर बसून ऐकतात. तो दरबार १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं सुरू झाला. निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेल्यावर, आदिवासी एवढे का पेटले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारनं त्यांना पाठवलं होतं. आधी गोळी आणि मग ऐकणं, हा क्रम वाईटच. पण ऐकण्याची जागा तयार झाली आणि टिकली. त्या जागेत कुणालाही आधी माफी मागायला लावत नाहीत. आधी काय झालं ते सांगायला लावतात. पुस्तकातल्या भांडणाला मुलांसमोर हीच जागा मिळायला हवी.

इथून माझं मंडन सुरू होतं. चित्रांचं पुस्तक सहृदयता शिकवत नाही. मुलाकडे ती असतेच, तिला बोलण्याची संधी ते देतं. हे अंदाजानं म्हणत नाही. ज्यूडी डन या ब्रिटिश संशोधिकेनं दोन-तीन वर्षांच्या मुलांचं घरातलं वागणं वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आणि १९८८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या मनात काय आहे, त्याला काय लागेल, काय खुपेल, हे मूल सगळ्यात लवकर आणि सगळ्यात नेमकं ओळखतं ते भावंडांशी आणि आईशी होणाऱ्या भांडणांत, असं तिला दिसलं. झ्याँ पियाजेनं १९३२ मध्येच दाखवलं होतं, की मुलं नियमांचा अर्थ गोट्या खेळताना, एकमेकांशी वाद घालत शिकतात. म्हणजे भांडण हा मुलाच्या समजुतीचा शत्रू नाही, तिथेच ती घडते. भांडण बंद पाडणं सोपं आहे, पण त्यासोबत शिकणंही बंद पडतं.

मग पुस्तक कशाला, भांडणच पुरे की, असं कुणी म्हणेल. नाही. ऐन भांडणात मूल रागानं थरथरत असतं. त्या क्षणी विचारलेला प्रश्न त्याला ऐकूही जात नाही. पुस्तकातलं भांडण वर्गातल्या कुणाचंच नसतं, पण ओळखीचं असतं. त्यात हरायचं काही नसतं. पान तिथेच थांबतं, पळून जात नाही. पुन्हा मागे जाऊन पाहता येतं की आधी कुणाचा हात लागला. ही थांबण्याची सोय जगण्यात नाही, चित्रात आहे.

आणि थांबून करायचं काय, याचंही उत्तर आहे. पिट्सबर्गमध्ये सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आईवडील चित्रांची पुस्तकं कशी दाखवतात ते पाहिलं (२०१३), आणि तीच मुलं दुसऱ्याला मदत किती करतात, आपलं देतात किती, हेही पाहिलं. जे पालक स्वतः भावनांबद्दल भरपूर बोलत होते त्यांच्या मुलांत फरक दिसला नाही. जे पालक मुलाला विचारत होते, याला काय वाटतंय, का वाटतंय, आणि मुलाला सांगू देत होते, त्यांची मुलं जास्त मदत करत होती, जास्त देत होती. साऱ्या वादाचा निवाडा मला या एका निष्कर्षात दिसतो. बोध सांगणारा मोठा माणूस भावनेबद्दल बोलतच असतो. कमी पडतं ते मुलाचं बोलणं.

समजा पान असं आहे. हातपंपाजवळ दोन मुली. एकीनं घागरीचा काठ धरलाय, दुसरीनं बूड. पंपाच्या तोंडातून पाणी पडतंय ते घागरीत न पडता खाली चिखलात. मागे एक छोटा मुलगा बोट तोंडात घालून बघतो आहे. खाली मजकूर एका ओळीचा, तेलुगूत. अंगणवाडीतल्या टीचरनं तो वाचला आणि पुस्तक मुलांकडे वळवून धरलं. एक जण म्हणतो, “टीचर, पाणी सांडून राहिलं.” दुसरी म्हणते, “हिची आई मारन हिला.” कोणत्या हिची, ते टीचर विचारते. ती बोट ठेवते ते काठ धरलेल्या मुलीवर. का मारेल? उशीर झाला म्हणून. कोपऱ्यातला कोलाम पोरगा काहीच बोलत नाही. तो पुढे येतो आणि मागच्या त्या छोट्या मुलावर बोट ठेवतो. त्याच्या भाषेत एक शब्द बोलतो. टीचरला तो कळत नाही, शेजारच्या मुलीला कळतो, ती सांगते: त्याला तहान लागली. एवढ्या वेळात कुणी माफी मागितलेली नाही, कुणी चूक ठरलेलं नाही. पण आईचा मार, सांडणारं पाणी, तहान, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं असं तिसरं माणूस, हे सगळं मुलांनी स्वतः पाहिलं. आता या पानाखाली ‘भांडण वाईट असते, मिळून राहावे’ असं छापलं, तर यातलं काय उरेल?

चित्राला भाषा लागत नाही, हे इचोड्याच्या वर्गात फार मोठं सामर्थ्य आहे. मजकूर तेलुगू असला तरी बोट ठेवायला गोंडी पुरते. मात्र बोट ठेवल्यावर जे बोलायचं ते घरच्या भाषेतच येतं. राग, रुसवा, हेवा, भीती यांचे शब्द मूल शाळेत शिकत नाही. ते आईच्या अंगावर झोपताना शिकलेलं असतं. ते शब्द वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावले, तर दुसऱ्याच्या भावनेबद्दल मूल काय बोलणार, कशात बोलणार? हे या जिल्ह्याला नवं नाही. हायमेनडॉर्फ यांनी १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं तेव्हा मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापून घेतली होती. २००४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, त्यात गोंडी, कोलामी आणि बंजाराही होत्या. म्हणजे वाट दोनदा पाडली गेली. दोन्ही वेळा विचार झाला तो वाचायला शिकण्याचा, आणि तो रास्तच होता. मन कळण्यासाठीही घरचीच भाषा लागते, हे त्याला जोडून म्हणायला हवं.

बोधाशिवाय पुस्तक मुलाला भरकटवेल, या भीतीला मी मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ चं पुस्तक दाखवतो. मॅक्स नावाचा मुलगा घरभर धुडगूस घालतो, आईवर गुरगुरतो, उपाशीच खोलीत पाठवला जातो. त्याचा राग जसजसा फुगतो तसतशी चित्रं मोठी होत जातात, कागदाचा पांढरा भाग कमी होतो, आणि मधल्या जोडपानांवर शब्दच उरत नाहीत. नुसते राक्षस आणि त्यांचा राजा झालेला मॅक्स. मग चित्रं पुन्हा आटत जातात. तो परत येतो तेव्हा खोलीत जेवण वाट पाहत असतं. तो माफी मागत नाही, आईही मागत नाही. आई तर चित्रात एकदाही दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी या पुस्तकावर टीका केली होती, उपाशी झोपवण्याची भीती मुलांना झेपणार नाही म्हणून. साठ वर्षं मुलं ते पुन्हा पुन्हा मागत आहेत. आपला राग कुणीतरी पूर्ण पाहिला, तरीही ताट ठेवलेलं होतं, हे त्यांना त्यातून मिळतं. कोणत्याही तात्पर्यात हे बसलं नसतं.

मराठीत हे जाणणाऱ्या लेखिका-चित्रकार आहेत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ पाहा. एका लहान मुलीचं घर आणि घरातली माणसं, एवढंच. कुणी कुणाला धडा शिकवत नाही. माणसं जशी असतात तशी दिसतात, आणि मूल आपल्या घरच्या माणसांशी त्यांची तुलना आपण होऊन करू लागतं. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर मुळात मुलानं बोलावं यासाठीच आहे. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण संस्कारांच्या नावानं विकली जाणारी पुस्तकं अजून ‘तात्पर्य’ या शब्दावरच संपतात. आणि या चांगल्या पुस्तकांतलं घर शहरातलं, मध्यमवर्गाचं आहे, हेही खरं. गुड्यातल्या आणि तांड्यातल्या मुलाचं अंगण अजून मराठी चित्रपुस्तकात फारसं आलेलं नाही. ते यावं ही माझी कळकळीची मागणी आहे, आणि येताना मोहाची फुलं आणि गुसाडी नाचातला मोरपिसांचा टोप यांच्या देखाव्यापुरतं येऊ नये. भांडणासकट यावं: बकरी कुणाच्या शेतात शिरली, मधल्या सुट्टीत कुणाला खेळात घेतलं नाही, कुणाच्या बोलण्याला कोण हसलं.

खेळात न घेण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. शिकागोच्या बालवाडीतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की ‘तू खेळायचं नाही’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, असा नियम त्यांनी वर्गात आणला. पण तो एका सकाळी लादला नाही. बालवाडीतल्या मुलांशी, मग वरच्या वर्गांतल्या मुलांशी त्या पुन्हा पुन्हा बोलल्या: हा नियम न्याय्य आहे का, चालेल का? सोबत एका मॅगपाय पक्ष्याची लांबतच जाणारी गोष्ट त्या रचून सांगत राहिल्या. मुलांनी कडाडून विरोध केला, उदाहरणं दिली, आपली दुःखं सांगितली. न्यायाचा प्रश्न पाच वर्षांच्या मुलांपुढे प्रश्न म्हणूनच ठेवता येतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. पूर्वपक्षाला भीती वाटते ती याचीच, की मूल उलट बोलेल. बोलू द्यावं. भलता अर्थ मूल आजही घेतंच आहे, तीन पायांच्या कुत्र्यानं ते दाखवलं; बोध सांगून गप्प बसवलं तर तो अर्थ आपल्या कानावर येत नाही, एवढाच फरक.

तेव्हा इचोड्याच्या अंगणवाडीसाठी आणि पहिलीसाठी पुस्तकं निवडताना माझी कसोटी अशी असेल. चित्रातली माणसं माणसं असावीत. भांडणात दोन्ही बाजूंना काही तरी खरं असावं. शेवटच्या पानावर सगळे हसत असले पाहिजेत असं बंधन नसावं, आणि गोष्टीखाली बोध तर नसावाच. मजकूर एक-दोन ओळींचा असावा, त्याखाली कोरी जागा सोडावी, म्हणजे टीचरला तिथे गोंडीत, कोलामीत, मराठीत, मुलानं जे म्हटलं ते लिहून ठेवता येईल. एक पुस्तक आठवडाभर चालावं. महिन्याला दहा पुस्तकं वाचून झाली हा हिशेब मागू नये; कुठल्या पानावर मुलं सगळ्यात जास्त बोलली, हे विचारावं. आणि प्रशिक्षणात शिक्षकांना आवाज चढवून-उतरवून वाचण्यापेक्षा एकच गोष्ट आधी शिकवावी: प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणं, त्या कोपऱ्यातलं मूल उठून पुढे येईपर्यंत.